आता या वयात कशाला?

रानातनं येऊन जरा टेकलेल्या, शेरडं घेऊन माळाला गेलेल्या, फोन कानाला लावून भाकरी थापणाऱ्या सगळ्या बायांना नमस्कार. मी तुमची सहयोगिनी. बचत गटाच्या बैठका घेत गावोगाव फिरते, त्यामुळं बरेच जण मला आवाजावरनं ओळखतात. गेल्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो. आजचा विषय शेळ्यांचा नाही. बैठक संपल्यावर, वह्या पिशवीत गेल्यावर, पायरीवर बसून बाया जे हळू आवाजात बोलतात, त्यातला आहे.

चाळिशी ओलांडलेली, कधी पन्नाशीला टेकलेली बाई म्हणते, "मला आता कायद्यानं मोकळं व्हायचंय." आणि ऐकणारी प्रत्येक जण एकच वाक्य बोलते. आई असली तर तीही, भावजय असली तर तीही, वकिलाकडचा कारकूनसुद्धा. "आता या वयात कशाला?"

या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केलाय. वीस वर्षांच्या मुलीला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिला म्हणतात, "थांब, सुधारेल." तीस वर्षांच्या बाईला म्हणतात, "लेकरांकडं बघ." मग ती लेकरांकडं बघते. मुलीचं लग्न होऊ दे, आईचं असं झालंय म्हटल्यावर चांगलं स्थळ येणार नाही, म्हणून थांबते. पोरगा कामाला लागू दे म्हणून थांबते. सासू अंथरुणाला खिळलीय, तिचं कोण करणार, म्हणून थांबते. सगळ्यांचं सगळं झाल्यावर ती तोंड उघडते, तर लोक म्हणतात, आता या वयात कशाला. म्हणजे आधी वय कमी होतं म्हणून नाही आणि आता वय जास्त झालं म्हणून नाही. मधलं वय कुठलं होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडं अशा बाईसाठी शब्दही धड नाहीत. सोडलेली, टाकलेली. म्हणजे करणारा दुसराच, ही नुसती केलेली. कागदावर परित्यक्ता म्हणतात, पण अर्थ तोच. या बायांनी आपल्या महाराष्ट्रात मोठा लढा दिलाय, हे तरण्या पोरींना ठाऊक नसतं. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. वकील निशा शिवूरकर आणि समता आंदोलनातले कार्यकर्ते त्यात पुढं होते. आपल्या सांगली-सातारा भागातही बायांनी त्याच सुमारास वेगळं रेशनकार्ड मागितलं, राहायला जागा मागितली. आज तुम्ही तहसील कचेरीत एकट्या बाईच्या नावचं कार्ड मागू शकता, त्यामागं त्या मोर्चांत चाललेल्या बाया आहेत.

आकडा एकच सांगते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात कायद्यानं घटस्फोट झालेली माणसं १३ लाख ६० हजारांच्या आसपास होती, आणि नुसतीच वेगळी राहणारी ३५ लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अडीच पट माणसं ना धड बांधलेली ना धड सुटलेली. आपल्या गटातल्या अशा बाया मनातल्या मनात मोजा. पत्रावर बाई म्हणून ज्या सही करतात पण नवऱ्याचं तोंड दहा वर्षांत पाहिलेलं नाही, अशा.

त्यातल्याच एकीबद्दल आज बोलणार आहे. तिचं नाव सांगणार नाही, तिनंच म्हटलंय, "नुसतं आक्का म्हण, एवढं पुरं." काय सांगायचं आणि काय नाही हेही तिनंच ठरवून दिलंय.

आक्काचं लग्न सतराव्या वर्षी झालं. नवरा नवी मुंबईच्या बाजारात माथाडी. आपल्या भागातली घरटी एक माणूस तिथं आहे, त्यामुळं त्यात नवल काही नव्हतं. पहिली काही वर्षं तो यात्रेला, दिवाळीला, पेरणीला यायचा. मग नुसता यात्रेला. मग कळलं, तिकडं दुसरं घर झालंय, त्या घरात लेकरूही आहे. आक्का इकडंच राहिली. सासूचं केलं, दीड एकर रान केलं, दोन लेकरं वाढवली. चौदा वर्षं. या चौदा वर्षांत तिच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं तिला असायचं. गावाच्या दृष्टीनं सगळं ठीक होतं.

मग २०२१ साली एका पतसंस्थेची नोटीस आली. नवऱ्यानं कर्ज काढलं होतं, हप्ते थकले होते आणि जामीनदार म्हणून आक्काची सही होती. कधी केली? तिला आठवलं. यात्रेच्या दिवशी, पुरणपोळ्या लाटताना, "इथं एक सही कर" म्हणून. ती नोटीस घेऊन माझ्याकडं आली तेव्हा जे बोलली ते मी विसरणार नाही. म्हणाली, "त्याच्या कर्जावर माझं नाव हाय. त्याच्या घरावर, रानावर कुठं बी न्हाई. हे कसलं नातं?"

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घटस्फोट झाला म्हणून जामीनदारकी सुटत नाही. कर्ज फिटेपर्यंत किंवा संस्थेनं लेखी मोकळं करेपर्यंत ती राहते. आक्काला वाटत होतं मोकळी झाले की नोटीसही जाईल. तसं होत नाही. ते तिला कळलं, तरी ती म्हणाली, "मग इथून पुढच्या तरी सह्या थांबतील."

गावातल्या चार शहाण्या माणसांनी आधी स्टॅम्पपेपर काढला. तेव्हा शंभराचा होता, आता पाचशेचा लागतो. त्यावर लिहिलं, आम्ही राजीखुशीनं फारकत घेत आहोत, एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही. नोटरीचा शिक्का मारून आणला. आक्काला म्हणाले, सही कर की झालं. बायांनो, असल्या कागदानं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण ती रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. बाकी सगळ्यांना कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. असल्या स्टॅम्पपेपरनं घटस्फोट तर मिळत नाहीच, पण "मला काही नको" हे तुमच्या सहीनं लिहून दिलेलं मात्र उद्या तुमच्या पुढ्यात आणून ठेवतात. आक्कानं सही केली नाही. म्हणाली, "एकदा पोळ्या लाटताना केली, ती पुरं झाली."

ती गेली तालुक्याच्या विधी सेवा समितीत. कोर्टाच्या आवारातच ही समिती असते. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हा १९८७ चा कायदा आहे. १५१०० हा त्यांचा नंबर, लिहून घ्या. तिला मिळालेल्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत घटस्फोटाचं नावच काढलं नाही. विचारलं, "राहता कुठं? घर कुणाच्या नावावर? सोनं कुणाकडं?" कारण लग्न टिकून आहे तोवर सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला आहे, घर कुणाच्याही नावावर असू दे. घटस्फोटानंतर तो हक्क तसाच धरून बसता येत नाही. म्हणून घराचं, जमिनीचं, पोटगीचं बोलणं सहीच्या आधी करायचं. आपल्या बाया उलटं करतात. आधी रागानं सही करतात, मग घर शोधत फिरतात.

नवऱ्यालाही सुटायचंच होतं, तिकडच्या घराचा तगादा होता. म्हणून दोघांच्या संमतीचा अर्ज झाला. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, इथं तर चौदा वर्षं झाली होती. अर्जानंतर सहा महिने थांबून पुन्हा जबाब होतो. काही प्रकरणांत कोर्ट हे सहा महिने कमी करू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली तसं सांगितलंय. आक्काचे कमी झाले नाहीत. बोलणी होऊन दोन खोल्यांचं घर, गोठा आणि वीस गुंठे रान तिच्याकडं आलं. पोटगीची एकरकमी रक्कम ठरली, ती तिनं ठेवीत टाकली. पण हुकूमनाम्यात लिहिलं म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. नोंदणी लागते का ते वकिलाला विचारायचं, तलाठ्याकडं फेरफाराचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि मागं लागायचं. आक्काला फेरफाराला घटस्फोटापेक्षा जास्त दिवस लागले. एसटीचं अर्ध तिकीट मार्च २०२३ ला आलं, तोवर तिनं पूर्ण भाडं भरूनच सगळ्या तारखा केल्या होत्या. त्याचा तिला अजून राग आहे.

ज्यांचं पटत नाही आणि नवरा काही द्यायलाही तयार नाही, त्यांच्यासाठी पोटगीचा अर्ज वेगळा करता येतो. जुनं कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते १४४ झालंय. घटस्फोट झालेल्या बाईलाही दुसरं लग्न करेपर्यंत त्यात मागता येतं. अर्ज केल्या तारखेपासून पोटगी धरायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलंय, म्हणून अर्ज लवकर द्या. आपल्या गटांतल्या मुस्लिम बहिणींनाही याच कलमाखाली मागता येतं, हे जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट झालंय. आणि एका दमात तीनदा तलाक म्हणणं २०१९ पासून गुन्हा आहे. कायद्याचं इतकं पुरे. मी वकील नाही, तुमच्या कागदाचं तुमच्या वकिलालाच विचारा.

हुकूमनामा हातात आला त्या दिवशी आक्का घरी आली आणि रोजच्यासारख्या चार भाकरी केल्या. सासू तोवर वारली होती. पोरगा चाकणला कंपनीत. लेक सासरी. चार भाकरी कुणासाठी? ती म्हणते, कोर्टात रडू आलं नाही, नवरा समोर उभा होता तेव्हा आलं नाही, पण टोपल्यातल्या तीन भाकरी बघून आलं. एका माणसाचं पीठ किती घ्यायचं हे हाताला माहीतच नव्हतं.

बायांनो, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण म्हणतो, चौदा वर्षं तो नव्हताच, मग आता वेगळं काय झालं? पण झालं. तोवर ती कुणाची तरी बायको म्हणून एकटी होती. आता नुसतीच एकटी. संध्याकाळचा वेळ खायला उठायचा. दिवस कामात जातो, रात्री झोप लागते, पण दिवेलागणीपासून जेवणापर्यंतचे दोन तास जात नाहीत. त्यात पाळी जायचं वय. अंगातनं वाफा निघायच्या, छातीत धडधडायचं, चिडचिड व्हायची, आणि सगळ्याचं खापर घटस्फोटावर फुटायचं. लोक म्हणायचे, बघा, पस्तावतेय. आरोग्य केंद्रात दाखवलं तेव्हा कळलं, रक्त कमी आहे आणि बाकीचं वयाचं आहे. नवरा नांदवत असता तरी झालंच असतं.

माहेरी जावं तर आईवडील नाहीत. भाऊ चांगला आहे, पण घर आता भावजयीचं आहे. दोन दिवस पाहुणी म्हणून गोड, तिसऱ्या दिवशी भांड्यांचा आवाज वाढतो. मी भावजयीला दोष देत नाही. तिलाही भीती असते, ही राहिली तर वाटणी मागेल. मुलीचा वडिलांच्या मिळकतीत हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मुलासारखाच झाला, म्हणून हल्ली बहीण रडत आली की आधी हक्कसोडपत्राची आठवण होते. त्यावरही सही घाईनं करू नका, एवढंच सांगते.

मग आक्काला सोबत कुठं मिळाली? तुम्हाला वाटेल मी म्हणेन, बचत गटात. बचत गट म्हणजे दुसरं माहेर असं कार्यक्रमात म्हणायची पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही. गट म्हणजे दहा-बारा बाया, आणि बायांमध्ये जे बरंवाईट असतं ते सगळं गटात असतं. आक्काच्या घटस्फोटानंतरच्या पहिल्याच बैठकीत एक जण म्हणाली, "आता हिच्या कर्जाला जामीन कोण? नवरा तर नाही." आक्कानं कांडप मशीनसाठी तीस हजार मागितले होते. मी वही उघडून दाखवलं, गेल्या पाच वर्षांत कुणाच्याही कर्जाला नवरा जामीन नव्हता, गटातल्याच दोघी असतात. बँक गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागत नाही, नवरा तर त्याहून मागत नाही. शिवाय आक्काचा एकही हप्ता कधी चुकला नव्हता. तरी ठराव व्हायला दोन बैठका गेल्या. शेवटी जामीन राहिली ती गटातली सगळ्यात कमी बोलणारी बाई. कुणाला वाटलं नव्हतं.

खरी सोबत शेजारच्या भिंतीपलीकडं निघाली. तिथं एक म्हातारी विधवा एकटीच राहते. आक्का एकदा उरलेली भाकरी द्यायला गेली, तर म्हातारी म्हणाली, "मी बी रोज जास्तीच करते गं." तेव्हापासून ठरलं, भाकरी आक्काची, कालवण म्हातारीचं. रोज दिवेलागणीला आक्का भाकऱ्यांचं टोपलं घेऊन जाते, दोघी जेवतात, आपला रेडिओ लावतात, म्हातारी निम्म्या वेळी बसल्या जागी झोपते. त्यात फार गप्पाही नसतात. पण ते दोन तास गेले. आता आणखी एक तिसरी येते, तिचा नवरा आहे पण जेवायला घरी नसतो. तिनं लोणचं आणायचं, असं ठरलंय.

संक्रांतीला मात्र अडलं. आमच्या त्या गावात गटाचं हळदीकुंकू असतं. आक्काला बोलवायचं का? हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ सरकारनंही सगळ्या गावांना तसं आवाहन केलं, हे बैठकीत वाचून दाखवलं. एक आजी म्हणाल्या, "ते विधवांचं. हिचा तर जिता हाय. हिनं स्वतःहून सोडला." म्हणजे मेलेल्या नवऱ्याच्या बाईला आता जरा सवलत, पण जित्याला सोडणारीला नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी कार्यक्रमाचं नाव तिळगूळ मेळावा केलं आणि सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांना सारखं वाण. दोन बाया आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यातली एक आली, एक अजून येत नाही. आक्का तिला रस्त्यात भेटली की आपणहून बोलते. "ती न आली तर न आली, मी बोलायचं का सोडू?" असं तिचं म्हणणं.

आता नावाचं. गटाच्या नव्या वहीत नाव लिहायची वेळ आली. आपल्याकडं बाईच्या नावात मधे नवरा असतो. मी विचारलं, "काय लिहू?" ती म्हणाली, "पुढच्या बैठकीला सांगते." मग पुढच्या. तीन बैठका तिचं मधलं नाव रिकामं होतं. घटस्फोटानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. जुनं ठेवा, वडिलांचं लावा, आईचं लावा, तुमची मर्जी. तिनं आडनाव सासरचंच ठेवलं. मला आश्चर्य वाटलं, तर म्हणाली, "ते माझ्या पोरांचं आडनाव हाय, आन् या शिवारात तीस वरसं मी राबले, त्याच नावानं." आणि मधे नवऱ्याच्या जागी आईचं नाव लावलं. आईनं तिला कर्ज काढून चौथीच्या पुढं शिकवलं होतं, म्हणून. असं नवं नाव लावायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं लागतं, सेतू केंद्रातनं अर्ज भरता येतो. मग आधार, मग बँक, मग बाकीचं, या क्रमानं. हुकूमनाम्याच्या सहीशिक्क्याच्या तीन-चार नकला एकदमच काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर एक मागतात. जुन्या रेशनकार्डातनं नाव कमी केल्याचा दाखला घ्या, त्याशिवाय नवं कार्ड होत नाही. नव्या कार्डावर कुटुंबप्रमुख तुम्हीच, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली मोठी बाईच प्रमुख असते.

ज्यांना पोटगी मिळालेली नाही आणि उत्पन्न अटीत बसतं, त्यांनी तहसीलच्या संजय गांधी शाखेत निराधार अनुदानाचा अर्ज द्यावा. ६५ वर्षांपर्यंतच्या घटस्फोटित आणि परित्यक्ता बायांना त्यात महिना १,५०० रुपये आहेत. लाडकी बहीण योजनेतही घटस्फोटित बाया बसतात, पण दोन्हींचे पैसे एकदम मिळत नाहीत.

या सगळ्या कचेऱ्या करता करता आक्का तरबेज झाली. कुठल्या टेबलावर कोण बसतं, कुठला शिपाई खरं सांगतो, झेरॉक्स कुठं स्वस्त, सगळं पाठ. मग बाया तिला बरोबर नेऊ लागल्या. एकीचं रेशनकार्ड, एकीची पोटगी, एका काकांचा अपंगाचा दाखला. कांडप मशीन सकाळी चालतं, मिरचीच्या दिवसांत रात्रीपर्यंत, पण बाजाराच्या दिवशी बंद. त्या दिवशी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली घेऊन एसटीत असते. गावात आता तिला कागदवाली आक्का म्हणतात. एक दिवस मी शाळेजवळ तिचं घर विचारणाऱ्या परगावच्या बाईला पाहिलं. कुणी "अमक्याची बायको" म्हणून पत्ता सांगितला नाही. "कागदवाली आक्का ना? मिरचीच्या वासानं जा," म्हणाले.

पोरगा आठ महिने तिच्याशी बोलला नव्हता. कंपनीतल्या गाववाल्या पोरांनी डिवचलं होतं. "आई, माझी मान खाली गेली," म्हणाला. ती म्हणाली, "बापानं दुसरं घर केलं तवा कुठं होती तुझी मान?" आणि फोन ठेवला. समजूत काढायला ती गेली नाही, मला वाटतं बरंच झालं. तो स्वतःच दिवाळीला आला, आठवडाभर राहिला, मशीनचा पट्टा बदलून दिला. विषय कुणीच काढला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. देवकाला जोडपं लागतं, तर चुलता-चुलती बसले. आक्का बाजूला उभी होती. ते तिला लागलं, तिनं लपवलं नाही. मुलीकडच्यांनी ओटी भरायला तिला बोलावलं नाही. पण पत्रिकेवर निमंत्रक म्हणून पहिलं नाव तिचं होतं, मधे तिच्या आईचं नाव. पोरानंच छापायला दिलं होतं, तिला न विचारता. आमचा सगळा गट हळदीला गेला होता, जामीन राहिलेली ती कमी बोलणारी बाई सगळ्यात मोठ्यानं गाणी म्हणत होती.

दुसऱ्या लग्नाचंही बोलते, कारण पायरीवर तेही विचारतात. एका गावात अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईनं नोंदणी करून लग्न केलं, दोघं सुखात आहेत. आक्काला मी एकदा विचारलं. ती हसली. "पुरुष नको असं न्हाई गं. 'कुठं गेलीतीस' म्हणून इचारणारा नको." आणि सगळ्यांनी घटस्फोट घ्यावा असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या एका ताईनं सगळी माहिती घेतली, दोनदा वकिलाकडं गेली आणि ठरवलं, नाही घ्यायचा, फक्त पोटगी आणि राहण्याचा हक्क मागायचा. तिचं गणित तिला ठाऊक. मारहाण होत असेल तर मात्र थांबू नका, १८१ ला फोन करा, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जा.

पुढच्या मंगळवारी याच वेळी फेरफाराचा अर्ज कसा लिहायचा ते सांगणार आहे, ओळीओळीनं. कागद-पेन घेऊन बसा. आक्का स्वतः येणार आहे बरोबर, अर्थात मिरचीची गर्दी नसली तर. तुमचे प्रश्न गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, नाव घालायची गरज नाही, मी बैठकीला येईन तेव्हा घेऊन जाते. नमस्कार.